चकतीतले महाराज

मंठाळच्या मारुतीच्या देवळामागं रेवणसिद्धप्पाचं पत्र्याचं शेड आहे. एरवी तिथं तुरीची पोती आणि पोत्यांवर झोपलेली मांजरं एवढाच कारभार. पण दोन हजार नऊ सालच्या आषाढात पोती बाहेर आली आणि माणसं आत गेली. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी, मधे पोरांचा गलका. आणि समोर टेबलावर भलामोठा टीव्ही, त्याच्याखाली काळा चकचकीत डीव्हीडी प्लेअर. टीव्हीला हार घातलेला, प्लेअरला गंध लावलेलं. चकती आत घालायची ती फट होती ना, बरोबर तिच्यापुढं उदबत्ती.

टीव्हीच्या शेजारी तेजनाथ महाराज डोळे मिटून बसलेले. आणि टीव्हीत? टीव्हीतही तेजनाथ महाराजच! बाहेरचे गप्प, आतले बोलणारे. आतल्यांच्या डोक्यामागं पिवळंजर्द चक्र गरागरा फिरत होतं आणि उघड्या तळहातावर ज्योत जळत होती.

"एका टायमाला दोन ठिकाणी!" रेवणसिद्धप्पानं कपाळावर हात नेला.

पुढच्या रांगेत बसलेल्या राजूबाईंच्या मनात आलं, की गावातल्या समद्या पुढाऱ्यांना हे जमतं, एक पाय बिदरात आणि एक बेंगळुरात. पण त्या बोलल्या नाहीत. शेजारी त्यांची सून विजयश्री बसली होती आणि सुनेसमोर देवाची थट्टा करणं त्यांना बरं वाटेना. शिवाय पलीकडून त्यांचे मालक, हणमंतराव, डोळ्यांतलं पाणी उपरण्यानं टिपत होते.

आतल्या महाराजांचं झाल्यावर बाहेरच्यांनी डोळे उघडले.

"भक्तहो, पूर्वी देव रथातून यायचा. आता गावं किती, रस्ते कसले! भालकीहून आळंदला जायचं तर माणसाचे मणके मोकळे होतात, देवाचं काय होईल? म्हणून मी चकतीत बसलो. ह्या यंत्रात एक लाल किरण असतो. शास्त्रज्ञ त्याला लेसर म्हणतात. आम्ही त्याला तिसरा डोळा म्हणतो. बच्चों, उस किरन पर बैठके मैं आता! प्रत्येक घराला एक चकती देतो, फुकट. पौर्णिमेला दिवेलागणीला लावा. घर निर्मळ असेल तर मी येईन. घरात काळी सावली असेल तर मात्र..." महाराज थांबले. शेडमधली पोरंसुद्धा थांबली. "...तर दिसेल निळा पडदा."

सीडी म्हणा, डीव्हीडी म्हणा, मंठाळात सगळ्यालाच शिडी म्हणतात. त्या दिवशी घराघरात शिडी गेली. बायांनी ती देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं. एकीनं तर तिला तुपाचं बोट लावलं होतं. ती पुढं काय चालणार!

पौर्णिमा आली. राजूबाईंच्या घरामागं उमाजी धनगराचं घर. मेंढरं आता राहिली नव्हती. उमाजी मजुरीला जायचा, हैदराबादेकडची कामं करून यायचा. येताना एकदा त्यानं हातगाड्यावरून एक प्लेअर आणला होता. त्याला ना कंपनीचं नाव, ना धड झाकण; वरती गुलाबाच्या फुलाचं स्टिकर. त्या डबड्यात महाराज असे काही गर्जत आले, की उमाजीची बायको पद्माबाई दारात येऊन ओरडली, "अक्का, आलं बगा आमच्याकडं! चहा ठिवू का त्यास्नी?"

आणि इकडं हणमंतरावांच्या माजघरात निळा पडदा.

हणमंतरावांनी शिडी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, परत घातली. प्लेअरनं आतल्या आत घर्र केलं, खरखर केली आणि निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"काय लिव्हलंय गं?" त्यांनी विचारलं.

विजयश्री पीयूसीपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, शिकलेली. तिनं वाचलं, "नो डिस्क. म्हंजे शिडीच न्हाई मनायलंय, मामा."

"न्हाई कसं? मीच घातली की आत्ता!"

दुसऱ्या दिवशी गावाला एक मजेशीर गोष्ट कळली. ज्यांच्या घरी दुकानातून घेतलेले, बिल-गॅरंटीवाले, कंपनीचे प्लेअर होते, त्या सगळ्या बड्या घरांत निळा पडदा. आणि ज्यांच्याकडं हातगाड्यावरचे चिनी डबे, त्यांच्याकडं महाराज हजर. इतकी वर्षं झाकून ठेवलेली प्रतिष्ठित मंडळींची पापं एका संध्याकाळी चव्हाट्यावर आली म्हणून गरीब आळ्यांत हसू मावेना. पद्माबाई तर पदर सावरून चालायला लागली.

बडी घरं मात्र घाबरली. किराणा दुकानदार अण्णाराव सगळ्यांत आधी धावत गेला. महाराजांनी त्याची शिडी ठेवून घेतली, शांती करतो म्हणाले, दक्षिणा म्हणून बोटातली अंगठी उतरवून घेतली आणि शिडी परत दिली. आणि काय सांगावं! ती त्याच मशीनवर लख्ख लागली. मग काय, शेडपुढं रांगच लागली.

हणमंतराव गेले तेव्हा महाराजांनी विचारलं, "यंत्र कुठून आलं?"

"सुनेसंगं. लग्नात तिच्या बापानं दिलंय."

महाराजांनी डोळे मिटले. "मग सावलीही तिथूनच आली. सुनेच्या हातातल्या पाटल्या इथं वाहा. अमावस्येच्या आत. ती वाहत नसेल तर तिला माहेरी ठेवा. नाहीतर तुमच्या लेकाच्या जिवाला..." पुढचं ते बोलले नाहीत. अशा लोकांना कुठं थांबायचं ते बरोबर कळतं.

घरी येऊन हणमंतरावांनी हे जसंच्या तसं सांगितलं. विजयश्री भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"पाटल्या माझ्या आईच्या हायत, मामा. ती गेली तवा तिच्या हातातून काढून माझ्या हातात घातल्यात. मी देणार न्हाई."

"मग माहेरी आळंदला जावं लागतंय, पोरी. मला एकच लेक हाय."

लेक, म्हणजे पप्पू, पुण्याला कंपनीत होता. फोन लावला तर म्हणाला, "शिफ्ट हाय माझी. तुमीच बघा काय ते." एवढं मोठं संकट त्याच्या जिवावर आलेलं आणि त्याला शिफ्टची काळजी!

देवाला राजूबाई भीत होत्या. कोण भीत नाही? पण दीड वर्षापूर्वी ही पोर घरात आली तेव्हापासून स्वैपाकघरात कुणीतरी बोलायला होतं. ती कानडीत गाणी म्हणायची, ह्या मराठीत नावं ठेवायच्या, आणि भाजी तेवढ्यात करपायची. ती गेल्यावर परत ते मुकं स्वैपाकघर? आणि एकदा अशी पाठवलेली पोर परत कुठली येते? आळंदचे लोक काय म्हणतील, ते का राजूबाईंना ठाऊक नव्हतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी हणमंतराव शेताकडं गेले. विजयश्री पलंगावर लुगडी काढून घड्या घालत बसली. राजूबाईंना तिच्या तोंडाकडं बघवेना.

"ठिव ते. चल, तुज्या लग्नाची शिडी बघू," त्या म्हणाल्या. आपलं काहीतरी बोलायचं म्हणून.

शिडी लावली. सनई वाजली. पडद्यावर हळद माखलेली विजयश्री आली, मागं बाशिंग सावरणारा पप्पू आला, आणि बँडपुढं हातवारे करत हणमंतराव नाचत आले. दोघी सासूसुना हसल्या. हसता हसता राजूबाईंचा हात तोंडावरच राहिला.

"विजा! ही कामून लागली गं?"

"मंजे?"

"मशीन हेच की. घर हेच. सावलीपण हीतंच बसली असंल, कुठं जायली ती! मग लगीन दिसायलंय आन महाराजच कामून दिसना?"

विजयश्रीनं पडद्याकडं बघितलं, मग सासूकडं. "आत्या," ती हळूच म्हणाली, "सावलीला मामाचा नाच आवडत असंल."

"मस्करी ऱ्हाऊ दे. ते मशीन काढ. शालीत गुंडाळ."

पद्माबाई दारात शेंगा फोडत होती. गुंडाळलेलं मशीन घेऊन येणाऱ्या दोघींना बघून तिला वाटलं, बाळंतीण आली कुणी. राजूबाईंनी सांगितलं, की तुझं मशीन घटकाभर आमच्या घरी लावू, आमचं तुझ्या घरी.

"म्हंजे माजं पुण्य घिऊन जाताव व्हय, अक्का?"

"पुण्य घरात असंल तर घरातच ऱ्हाईल की गं! डब्यात असंल तर डब्यासंगं येईल. तेवढंच बघायचंय."

पद्माबाईला हे पटलं आणि थोडं झोंबलंही. पण तिलाही आता खाज सुटली. आधी तिच्या घरी राजूबाईंचं कंपनीचं मशीन जोडलं, तिचीच शिडी त्यात घातली. घर्र, खरखर आणि निळा पडदा. पद्माबाईचा चेहरा उतरला. "आत्ता गं बाई! माज्या घरात कुठली सावली आली?"

मग तिघी उठल्या आणि गुलाबाच्या स्टिकरचं डबडं राजूबाईंच्या माजघरात आणून जोडलं. राजूबाईंनी देव्हाऱ्यातली आपली शिडी आणली, वरचं कुंकू पुसलं आणि घातली. पडद्यावर पिवळं चक्र फिरलं. महाराज ज्योत घेऊन गर्जले, "बाळांनो, मी आलो! तुमचं घर निर्मळ आहे!"

राजूबाई खाली बसल्या. "घर निर्मळच हाय, बाबा," त्या टीव्हीला म्हणाल्या. "आता तू कसा हाईस तेवढं बघायचं."

लग्नाची शिडी बनवली होती बसवकल्याणच्या नागराज फोटोवाल्यानं. सकाळच्या बसनं सासूसुना त्याच्या स्टुडिओत हजर झाल्या. राजूबाईंच्या पिशवीत दोन शिड्या होत्या. एक आपली, निळ्या पडद्याची. दुसरी अण्णारावची, शांती झालेली. ती त्याच्या बायकोकडून, दानम्माकडून, दर्शनाला म्हणून मागून आणली होती.

नागराजनं दोन्ही शिड्या पालथ्या करून उजेडात धरल्या. "काकू, हे बगा. शिडीवर काही भरलं की खालचा तेवढा भाग जळतो, रंग गडद होतो. तुमच्या शिडीवर आतल्या बाजूला बोटभर पट्टा हाय. अण्णारावच्या शिडीवर जवळजवळ कडेपर्यंत. शिडी एकदा अशी जळली की फुंकर मारून पट्टा वाढत न्हाई. ह्या दोन येगळ्या शिड्या हायत. तुमच्या महाराजानं शांती केली न्हाई, बदली केली."

"पर दोन्हीत महाराजच हाय की," विजयश्री म्हणाली.

"महाराज तोच. भाषा येगळी." त्यानं राजूबाईंकडं बघितलं. "काकू, तुमाला मराठी येती, कानडी येती, बाजारात दखनी बोलताव. उद्या पप्पूसंगं पुण्याचा पावणा आला आन त्याच्यासंगं कानडीत बोललाव, तर?"

"बघत बसंल तोंडाकडं."

"त्याच्यात पाप हाय का?"

"पाप कसलं! त्याला कानडी कळंना, एवढंच."

"तुमचं कंपनीचं मशीन म्हंजे तो पावणा. भारी हाय, पर जुन्या पद्धतीचं, एकच भाषा कळती. डीव्हीडीची. पद्माबाईचं डबडं आपल्यासारखं, हिकडचं-तिकडचं समदं समजतंय. तुमच्या शिडीवर कॉम्प्युटरमधली फाईल हाय तशी उचलून ठिवलीया. ती डब्याला कळती, कंपनीला कळत न्हाई. अण्णारावच्या शिडीवर तीच फाईल डीव्हीडीच्या भाषेत करून टाकलीया. त्याला कन्व्हर्ट करणं मनतात. मग ती कुठंबी लागती."

"करून दाव," राजूबाई म्हणाल्या. ऐकीव गोष्टींचा त्यांना आता वीट आला होता.

नागराजनं त्यांची शिडी कॉम्प्युटरला दिली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकू लागली. चहा आला, चहा संपला, पट्टी निम्म्यावर. राजूबाई तिच्यावरची नजर काढीनात. जणू उतू जाणारं दूध आहे. शेवटी पट्टी भरली. मग त्यानं कोरी शिडी घातली, ती आतमध्ये गरगर फिरली, जळली आणि ऊन ऊन बाहेर आली. दुकानातल्या जुन्या कंपनीच्या प्लेअरवर राजूबाईंची पहिली शिडी लावली, तर निळा पडदा. ही नवी लावली, तर महाराज हजर.

"ना मंतर, ना अंगठी," विजयश्री म्हणाली. "ना पाटल्या."

राजूबाईंनी सुनेचा हात धरला. पाटल्या त्यांच्या तळव्याला लागल्या. मग त्या नागराजला म्हणाल्या, "एक चहा आजून सांग."

चहा पिताना युक्ती सुचली ती विजयश्रीला. तिनं आपल्या लग्नाची शिडी नागराजपुढं ठेवली. "अण्णा, हिच्यातलं लगीन कॉम्प्युटरच्या भाषेत करून द्या. आन दुसऱ्या शिडीवर नुसती फाईल टाका. कन्व्हर्ट करू नका."

नागराज आधी बघत राहिला आणि मग खुर्चीवरून पडता पडता वाचला, इतका हसला.

अमावस्येला शेड गच्च भरलं होतं. हणमंतराव खालमानेनं बसले होते. घरी विजयश्रीची पिशवी भरून दारात ठेवलेली होती, दुपारच्या बसनं तिला पोचवायचं ठरलं होतं. राजूबाईंनी त्यांना सकाळी सगळं सांगून बघितलं होतं, ते म्हणाले होते, "देवाच्या गोष्टीत बायकांनी डोकं घालू ने." म्हणून त्या आता चारचौघांत उठल्या.

"महाराज, सून जायलीया माहेरला. जाताना तेवढा आशीर्वाद द्या. ही लेकाच्या लग्नाची शिडी. तुमच्या हातानं, तुमच्या मशीनवर लावा. नवरानवरी तुमच्या यंत्रात दिसली की सावली पळंल."

महाराज प्रसन्न हसले. लग्नाची शिडी! स्टुडिओवाल्यांनी बनवलेली, ती कुठं लागत नाही? "लाओ माई. जिथं मी बसतो तिथं सावलीला जागा नाही. आत्ता बघा!"

त्यांनी शिडी घातली. प्लेअरनं घर्र केलं, खरखर केली. हार घातलेल्या मोठ्या टीव्हीवर निळा पडदा आला.

महाराजांनी शिडी काढली, बोटांनी कडेला धरली, पुसली, परत घातली. निळा.

"आगं बाई," मागून पद्माबाईचा आवाज आला, "महाराजाच्या घरातबी सावली!"

कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी म्हणालं, "आता ह्यांच्या बोटातलं काय काय घ्यायचं?"

"ह्या शिडीत काही नाही! कोरी आहे!" महाराज म्हणाले.

"कोरी कशी हो!" पद्माबाई पुढं आली. काखेत गुलाबाचं डबडं होतंच. तिनं रेवणसिद्धप्पाकडून वायर जोडून घेतली, शिडी घातली. सनई वाजली, आणि सबंध मंठाळासमोर हणमंतराव बँडपुढं हातवारे करत नाचू लागले. हशा असा उसळला, की पत्रे वाजले. हणमंतरावांनी उपरण्यात तोंड घातलं.

महाराजांचा मात्र तोल गेला. त्यांनी डब्यातून शिडी काढली, उलटी केली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि तिच्याकडं असं बघितलं, की ह्या माणसानं आयुष्यात अशा हजारो शिड्या बघितल्या असाव्यात.

"कुठल्या गाढवानं बनवली ही?" ते तावातावानं ओरडले. "नुसती फाईल कॉपी मारलीया! कन्व्हर्ट न करता बर्न केल्यावर कंपनीच्या प्लेअरवर चालंल का ही?"

बोलून झालं आणि मग त्यांना कळलं.

राजूबाईंनी हात जोडले. "आमी अडाणी, महाराज. आमाला कालपरवा कळलं. तुमाला मात्र आधीपास्न ठाव होतं."

मग त्यांनी गावाकडं तोंड केलं आणि पिशवीतल्या दोन्ही शिड्या बाहेर काढल्या. बोटभर पट्ट्याची कुठली, कडेपर्यंतची कुठली, कुणाला कुठली भाषा कळते, सगळं विजयश्रीनं सावकाश सांगितलं. पावण्याची गोष्ट ऐकून तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही माना डोलावल्या. घरात तीन भाषा घेऊन राहणाऱ्यांना ती समजायला काय अवघड! रेवणसिद्धप्पानं महाराजांची लोखंडी पेटी उघडली, तर आत दोन गठ्ठे. एकावर लाल दोरा, दुसऱ्यावर पिवळा. फुकटचे आणि शांतीचे.

"माज्यावर सोडा त्याला," म्हणत दानम्मा पुढं आली. "आधी आमची अंगठी. मग पाया पडायचं का न्हाई ते बगते."

दागिने ज्याचे त्याला मिळाले. महाराजांना पोलिसांच्या जीपमध्ये बसवायला गाव जमलं. तेव्हा मात्र ते एकाच ठिकाणी होते.

दुपारची बस आली आणि गेली. घरी हणमंतराव ओसरीवर बसले होते, दारातल्या पिशवीकडं न बघता.

"मला काय ठाव होतं गं," ते म्हणाले. "मशीनमधलं आपल्याला काय कळतंय?"

"न्हाई कळलं त्याचं काय न्हाई," राजूबाई म्हणाल्या. "मला तरी कुठं कळत होतं? पर इचारलं न्हाई, त्याचं हाय. मशीन बंद पडलं तर मशीन उघडून बघायचं. तुमी पोरीला घराबाहेर काढायला निघालाव."

हणमंतराव उठले. आत जाऊन म्हणाले, "विजा, पंचमीला माहेरला जातीस का? कुणी पाठिवतंय मनून न्हाई गं. सणाला. लाडू घिऊन. मी स्वता सोडायला येतो, तुज्या अप्पाला तोंड दाखवायचंय मला."

स्वैपाकघरात भांड्याचा आवाज झाला. मग विजयश्री दारात आली. डोळे लाल होते आणि आवाज खणखणीत.

"येते की. पर ह्यास्नीबी बलवा पुण्याहून. शिफ्ट सोडून. त्यांच्या जिवाला धोका हाय मनताना ते फोनवर दोन मिंटं बोलले. मला समोरासमोर बोलायचंय."

"बलिवतो," हणमंतराव म्हणाले.

बायांनो आणि बाप्यांनो, देव मानायचा तर माना, तो ज्याचा त्याचा सवाल. पण कुणी तुमच्या दारात येऊन म्हणालं, की हे चालत नाही त्याला तुमची सून, तुमची लेक, शेजारची विधवा कारण आहे, तर त्याला आधी उन्हात उभा करा आणि विचारा, कशावरून? एकाची वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन बघा. करून दाखव म्हणा. खरं असेल ते तुमच्या विचारण्यानं मोडत नाही. आणि जे मोडेल, त्याच्यापायी एखाद्या पोरीची पिशवी दारात ठेवायची नसते.